पाणथळ जागांचे पाठीराखे डॉ. सलीम अली

लखनौच्या मानक नगर स्थानकावरून कानपूरकडे जाणारा रेल्वेमार्ग उन्नाव जिल्ह्यातून जातो. याच जिल्ह्यातील नवाबगंज पक्षी अभयारण्याला 2019 मध्ये रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. अशी उथळ तळी पावसाचे जादा पाणी सामावून घेतात, पुराचा जोर कमी करतात आणि हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांना आश्रय देतात. एके काळी मात्र त्यांची गणना पडीक जमिनीत होत असे. ही दृष्टी बदलण्यात पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा वाटा मोठा होता.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने खेतवाडीत मामांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. बर्लिनमध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर नोकरी उरली नव्हती. त्या काळात अलिबागजवळील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. 1941 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने सामान्य वाचकांनाही पक्षीनिरीक्षणाची गोडी लावली.

पाणथळ जागांच्या संदर्भात त्यांचे नाव राजस्थानातील भरतपूरशी कायमचे जोडले गेले. केवलादेव येथील तळी ही संस्थानिकांची शिकारीची जागा होती. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत 12 नोव्हेंबर 1938 रोजी तेथे एकाच दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीसाठी खुली करावी, अशी मागणी पुढे आली, तेव्हा सलीम अली यांनी पंतप्रधान नेहरू यांच्यापर्यंत पक्ष्यांची बाजू पोहोचवली. 1956 मध्ये केवलादेव पक्षी अभयारण्य झाले. तेथे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचे स्थलांतर अभ्यासले गेले. 1981 मध्ये चिलिकासह केवलादेवचा रामसर यादीत समावेश झाला.

त्यांचा प्रत्येक निर्णय मात्र अचूक ठरला नाही. उद्यानात गुरे चारण्यास बंदी असावी, या मताला त्यांचा पाठिंबा होता. 1982 मध्ये बंदी लागू होताच परिसरातील ग्रामस्थांशी संघर्ष उद्भवला आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींचा बळी गेला. म्हशींचे चरणे थांबल्यावर पाण्यात गवत माजले आणि अनेक पाणपक्ष्यांची संख्या घटली. हा निष्कर्ष त्यांच्याच सोसायटीने 1980 ते 1990 या काळात केलेल्या अभ्यासातून निघाला. पाणथळ जागा केवळ कुंपण घालून टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

महाराष्ट्रात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाची तुलना त्यांनी भरतपूरशी केली होती. 1986 मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि पुढे ते राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले.

पद्मविभूषण सलीम अली यांचे 20 जून 1987 रोजी मुंबईत निधन झाले. नंतरच्या काळात गंभीर नदीवरील पांचना धरणामुळे केवलादेवला मिळणारे पाणी कमी झाले. त्यावर उपाय म्हणून गोवर्धन नाल्यातील पुराचे पाणी तेथे आणण्याची योजना राबवण्यात आली. शेतात शिरून नुकसान करणारे पाणी तळ्यात पोहोचले, तर शेतकरी आणि पक्षी दोघांचेही हित साधते. भरतपूरमध्ये राहून गेलेली उणीव भरून काढण्याचा मार्गही हाच आहे.