बाबासाहेब, ग्रंथालय आणि यंत्र : दार कुणासाठी उघडते?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. या सहा तालुक्यांतला आपला तरुण आज अभ्यासिकेत बसतो, मोबाइलवर व्याख्याने ऐकतो, स्पर्धा परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरतो. आपला जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे विकासाच्या मोजपट्टीवर मागे राहिलेल्यांत. तरीही या तरुणाच्या खिशात जे साधन आहे, ते शंभर वर्षांपूर्वी जगातल्या मोठ्यात मोठ्या विद्वानाकडेही नव्हते. मग साधन आले म्हणून ज्ञान आले का? आणि ज्ञान आले म्हणून न्याय आला का? हे दोन प्रश्न घेऊन बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचण्यासारखे आहे. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. वाचक म्हणून, आणि वीज, धरण, छापखाना यांचा विचार करणारा माणूस म्हणून त्यांची ओळख मात्र आपल्याकडे कमी सांगितली जाते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते, त्यामुळे घरात अक्षराला मान होता. पैसा नव्हता. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सगळा संसार होता. मुलाला पुस्तक हवे असले की रामजी लेकींकडे जायचे, त्यांचा एखादा दागिना मागून आणायचे, तो गहाण ठेवून पुस्तक घ्यायचे आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून परत द्यायचे. भीमराव रात्री उठून दिव्याच्या उजेडात अभ्यास करीत. या घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकामागे एका बहिणीचा दागिना होता, हे आपण विसरू नये.

शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती, पण जातीमुळे ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या बळावर शिकून घेतले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराची सभा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. केळुसकरांची आणि भीमरावांची गाठ पडली होती बागेत. शाळा सुटल्यावर हा मुलगा तिथे वाचत बसायचा. गुरुजींनी त्याच्यावर लक्ष ठेवले, त्याला पुस्तके दिली आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याचे नाव पोहोचवले. बडोद्याच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव बी.ए. झाले. एका शिक्षकाने एका वाचणाऱ्या मुलाची चौकशी केली, त्यातून हे सगळे घडले.

१९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे पहिल्यांदा कुणी त्यांची जात विचारली नाही. ग्रंथालयात हवे ते पुस्तक मागावे, हवे तितका वेळ बसावे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, जे समोर आले ते त्यांनी वाचले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेच्या उगमावरचा निबंध त्यांनी तिथल्या चर्चासत्रात वाचला. पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून ढीगभर पुस्तके जमवली. त्यानंतर लंडनला प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते, ते जहाज शत्रूने समुद्रात बुडवले आणि जमवलेली पुस्तकेही गेली. सामानाची जी भरपाई मिळाली, त्या पैशांतून ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला निघाले.

आता ज्या बडोद्याला ते निघाले, ते बडोदे कसे होते ते पाहा. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले होते. पेट्यांत भरून पुस्तके खेड्यापाड्यांत जात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची चित्रे दाखवली जात. त्या काळच्या हिंदुस्थानात एवढे पुढे गेलेले संस्थान विरळच. याच शहरात कोलंबियाचा पदवीधर उतरला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी शहरातल्या बागेत बसून काढले. ज्या कार्यालयात ते काम करीत, तिथे चपराशी कागदपत्रे लांबूनच टेबलावर टाकीत.

हा प्रसंग आपण अपमानाची गोष्ट म्हणून नेहमी सांगतो. त्यात आणखी एक धडा आहे. राजा सुधारक, ग्रंथालय आधुनिक, कायदा चांगला, आणि तरीही माणसाला घराचे दार बंद. साधन सुधारले, पण समाज सुधारला नाही. बाबासाहेबांच्या पुढच्या आयुष्यात ग्रंथालय आणि यंत्र यांची ओढ कधी कमी झाली नाही. मात्र कुठलेही साधन समोर आले की ते खरोखर कुणाच्या हाती पोहोचते, हे त्यांनी आधी पाहिले.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षी ३१ जानेवारीला 'मूकनायक' सुरू केला होता आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली होती. लंडनमध्ये सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडले की आत जायचे आणि बंद होताना शेवटी बाहेर पडायचे. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातली सरकारी दफ्तरे चाळायची. खाण्यावर खर्च जवळजवळ नाही. इकडे रमाई मुंबईत काटकसरीने घर ओढत होत्या. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध डी.एस्सी.साठी मान्य झाला आणि ग्रंथरूपाने बाहेर आला.

परत आल्यावर त्यांनी केवळ वकिली केली असती तरी चालले असते. त्याऐवजी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे होती, वाचनालये होती, अभ्यासमंडळे होती. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरूही झाले. स्वतःला ग्रंथालयाने जे दिले, ते हजारोंना मिळावे म्हणून केलेली ही व्यवस्था होती. खेड्यातल्या मुलाला वाचायला आधी राहायला जागा लागते, जेवण लागते, दिवा लागतो. हे त्यांना परळच्या खोलीने शिकवले होते आणि बडोद्याने पक्के केले होते.

महाडचा सत्याग्रह याच धाग्यातला आहे. बोले यांच्याच ठरावाने १९२३ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सार्वजनिक विहिरी, तळी, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या झाल्या होत्या. पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव प्रत्यक्षात आला. कागदावरचे उघडे दार माणसांनी जाऊन उघडावे लागते.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव घराला दिले. हजारो ग्रंथांचे हे संग्रहालय जगातल्या मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांत गणले गेले.

यंत्राबद्दल त्या काळी देशात मोठा वाद होता. चरखा आणि खेडे हाच उपाय, यंत्र म्हणजे संकट, असे अनेक मोठे नेते मानत. बाबासाहेबांनी १९४५ मधल्या आपल्या ग्रंथात याचे उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जनावरासारखे राबून जगायचे नसेल तर माणसाला फुरसत हवी, आणि फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही. यंत्रामुळे दुःख वाढले असेल तर दोष यंत्राचा नाही. मूठभरांच्या फायद्यासाठी ते वापरू देणारी समाजरचना दोषी आहे. ज्याच्या आजोबा-पणजोबांनी गावकीची कामे केली, ज्याच्या आजीने दुसऱ्याच्या शेतात दिवसभर निंदण केले, त्याला हा विचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हा विचार अमलात आणायची संधी त्यांना १९४२ ते १९४६ या काळात मिळाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. नुसते बांध घालून पूर अडवण्यापेक्षा, अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याप्रमाणे पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणारी योजना त्यांनी पुढे नेली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत ओरिसातल्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलायला सांगितली. जास्तीचे पाणी हे संकट समजून समुद्रात सोडू नका, साठवा, कारण माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, असा त्यांचा मुद्दा होता. सोयाबीन आणि तुरीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या पैनगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला यातले मर्म लगेच कळेल. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण त्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगाशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. याच काळात कामगारांना तांत्रिक शिक्षण, सेवायोजन कार्यालये आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. वेळ हीसुद्धा एक अडचण असते, हे ज्याने सोसले त्यालाच सुचते. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय निघाले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणारा राजा. ज्या समाजाला प्रश्न विचारायची बंदी होती, त्याच्या मुलांच्या महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे.

वाशीमकरांना धम्माचा वारसा नवा नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. या शाखेचा राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खुसंघासाठी कोरवून घेतले. पण मधली शतके तुटलेली होती. ती जोडली गेली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. विदर्भातून लाखो लोक गेले. कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंत तेव्हा शकुंतला ही छोटी गाडी होती आणि पुढे नागपूरचा मोठा लोहमार्ग. केळुसकरांनी दिलेले बुद्धचरित्र हाती आल्यापासून सुमारे पन्नास वर्षे बाबासाहेबांनी वाचले, तपासले, तुलना केली आणि मग बुद्धाला शरण गेले. ऐकीव म्हणून, परंपरा आहे म्हणून काही मानू नका, तपासून घ्या, ही कालामांना दिलेली शिकवण त्यांनी स्वतः पाळली. शेवटच्या रात्रीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने त्यांनी टेबलावर ठेवून घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला.

आता प्रश्न आपल्याकडे येतो. आपल्या गावातले शासनमान्य ग्रंथालय कागदावर सर्वांचे आहे. आपल्या वस्तीतली किती मुले त्याची सभासद आहेत? अभ्यासिका असेल तर ती संध्याकाळी मुलींना वापरता येते का, की अंधार पडला म्हणून त्यांना घरी बसावे लागते? दिवसभर मजुरीला जाणाऱ्या मुलासाठी ती रात्री उघडी असते का? जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चाचा एक हिस्सा दरवर्षी विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाला आणि एका संगणकाला गेला, तर पाच वर्षांत काय उभे राहील? आणि मोबाइलवर आलेला बाबासाहेबांच्या नावाचा मजकूर पुढे पाठवण्याआधी तो त्यांच्या ग्रंथात आहे का, हे आपण तपासतो का?

या प्रश्नांची उत्तरे मुंबई-दिल्लीत मिळणार नाहीत. येत्या रविवारी विहारात बसून एक यादी करता येईल. आपल्या वस्तीत कोण शिकते, कुणाकडे जागा नाही, कुणाला पुस्तक हवे आहे, कुणाला अर्ज भरायला मदत हवी आहे. केळुसकर गुरुजींनी बागेत वाचणाऱ्या एका मुलाची चौकशी केली होती. आपल्या गावातही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेलच. त्यांना शोधून काढणे आपले काम आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.