टाका शिरोडकरांचा

इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या तोंडी अस्सल आपल्याकडचे एक आडनाव असते : शिरोडकर! नाव टाक्याचे, आणि टाका डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचा.

१८९९ साली गोव्यातल्या शिरोड्यात जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, १९३१ साली इंग्लंडची एफआरसीएस. मग पुन्हा मुंबई.

चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळाही न येता, ज्यांचा गर्भ पुन्हापुन्हा पडे त्या बायकांना आपल्याकडे काय काय ऐकावे लागे ते आम्ही वेगळे सांगायला नको. शिरोडकरांनी दोष तिच्या नशिबात नव्हे, गर्भाशयाच्या सैल तोंडात शोधला. आईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्यांनी ते तोंड आवळले, बटव्याची नाडी ओढावी तसे. १९५५ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. दिवस भरत आले की टाका कापून नैसर्गिक बाळंतपण होऊ शकते; पुढच्या खेपेसाठी तो राखायचा तर सिझेरियन.

१९५७ साली मेलबर्नच्या मॅकडोनाल्डांनी सोपा टाका काढला, आज तोच जास्त घालतात. पट्टीच्या जागीही कृत्रिम धाग्याची फीत आली. शिरोडकरांना १९७१ साली पद्मविभूषण मिळाले; त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.