रेव्हरंड ना. वा. टिळक : अभंगाचा छंद आणि ख्रिस्ती उपासना

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक थोपटून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे हे पारखले, अशी आख्यायिका वारकरी परंपरेत सांगितली जाते. भक्तिगीताची पारखही काहीशी अशीच असते. त्याचा घाट कोठूनही आलेला असो, गाणाऱ्यांच्या कंठात ते पक्के उतरले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय उपासनासंगीत आणि मराठी भजन-कीर्तन यांची गाठ पडली, तेव्हा ही कसोटी प्रत्यक्ष लागली. तिला उतरलेल्या कवींमध्ये नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे स्थान अग्रगण्य आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी लक्ष्मीबाई यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून या सहजीवनाला मराठी वाङ्मयात चिरस्थायी केले. शिक्षकी, पुराणकथन व कीर्तन अशा विविध मार्गांनी टिळकांनी भ्रमंतीच्या काळात निर्वाह केला. कीर्तनकाराची श्रोत्यांशी जुळणारी लय त्यांच्या अंगी याच काळात मुरली. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयामुळे आप्तस्वकीय दुरावले. लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग घडला. त्या १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात सहभागी झाल्यावर टिळकांपुढे एक वाङ्मयीन अडचण उभी राहिली. मिशनच्या उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे मूळच्या पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. ही चाल शब्दातील आघातावर उभी असते आणि तिचे सौंदर्य अनेक स्वरांच्या एकत्रित मेळात प्रकटते. मराठी पद्यात आघाताला तसे स्थान नाही. येथे अक्षरांची संख्या किंवा मात्रांचे मान छंद घडविते आणि गायन एकाच स्वरपंक्तीने पुढे सरकते. परिणामी परक्या चालीत बसविलेल्या मराठी शब्दांत ऱ्हस्व अक्षरे ताणली जात, दीर्घ अक्षरे आखडत आणि अर्थाचा ओघ खंडित होई. ज्यांनी धर्म बदलला, त्यांना आपले गाणेही बदलावे लागावे काय, हा त्यामागील खरा प्रश्न होता.

टिळकांपूर्वी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींत ख्रिस्ती पदे व कीर्तने रचली होती. टिळकांनी ही वाट प्रशस्त केली. युरोपीय उपासनेतील एक गोष्ट त्यांनी मनःपूर्वक स्वीकारली. ती म्हणजे संपूर्ण मंडळीने एकत्र उभे राहून गावयाचे, ठरलेल्या उपासनाक्रमात गुंफलेले स्तोत्र. या स्तोत्राला त्यांनी अभंग, पद आणि भजन यांचा देह दिला. मोठ्या अभंगाच्या सहा, सहा, सहा व चार अक्षरांच्या चरणरचनेत त्यांना साध्या माणसाला सहज पेलणारी लय लाभली. धर्मशिक्षण संस्थेत अध्यापन करीत असताना त्यांनी कीर्तनाच्या रूपाकडेही लक्ष पुरविले. ‘भजनसंग्रह’ व ‘अभंगांजली’ ही या प्रयत्नांची फलिते होत. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

या कार्यामागे केवळ सोयीची दृष्टी नव्हती. तुकारामांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, अशी टिळकांची श्रद्धा होती. संतवाणी ही त्यांच्या दृष्टीने टाकून देण्याची वस्तू नव्हती, ती आपल्या वारशाचा भाग होती. १९०९ मध्ये आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायना’साठी त्यांनी म्हणूनच ओवी निवडली. इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेले ‘ख्रिस्तपुराण’ही ओवीबद्धच होते. टिळकांचे काव्य अपुरे राहिले व लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना एकत्र आणणारा हा बंधुसंघ त्यांच्या अभंगांमागील भूमिकेचाच विस्तार होता. मात्र त्याला स्थैर्य येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संघ टिकला नाही, गीते टिकली. मराठी चर्चमध्ये ती अद्यापही गायिली जातात आणि गाणाऱ्याला आपल्या भाषेत परके वाटू देत नाहीत. टिळकांच्या समन्वयाचे यश याच ठिकाणी शोधावे लागते.