गाडीचा आवाज वाढवायला आपण जो डबा काढून फेकतो, तो शोधणारा माणूस स्वतः रेसिंगचा वेडा होता

उरणच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त काय दिसतं? कंटेनर. जेएनपीटीकडे जाणारे आणि तिकडून येणारे ट्रेलर. पण अटल सेतू सुरू झाल्यापासून याच भागात अधूनमधून एखादी खाली बसकी स्पोर्ट्स कार दिसते. दिसायच्या आधी ती ऐकू येते. एवढा आवाज कंपनीतून बाहेर पडतानाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो नंतर बसवून घेतलेला असतो.

हे काम कसं होतं? ज्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मधे किंवा मागे असतं, तिचा एक्झॉस्ट सहज हाताला लागत नाही. आधी मागची चाकं उतरवायची, मग चाकाच्या आतलं लायनर, मग मागचा बंपर. काही गाड्यांमध्ये बाजूचे बॉडी पॅनलही काढावे लागतात. पॅनल क्लिपांवर आणि स्क्रूंवर बसलेले असतात. ओढाताण केली की क्लिप तुटते आणि पॅनल पुन्हा पूर्वीसारखा बसत नाही. पॅनल निघाले की उष्णता अडवणारे पत्रे दिसतात आणि त्यांच्यामागे असतो एक फुगीर डबा. गॅरेजच्या भाषेत त्याला म्हणतात कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

धुराच्या वाटेतला अडथळा म्हणून अनेक जण तो काढून टाकतात आणि सरळ पाइप टाकतात. पण हा डबा ज्याच्या डोक्यातून आला, तो वेगाचा शत्रू नव्हता. उलट गाड्या अजून जोरात पळाव्यात म्हणून त्यानं अर्धं आयुष्य घालवलं. त्याचं नाव युजीन हूड्री.

हूड्रीचा जन्म १८ एप्रिल १८९२ चा, पॅरिसजवळच्या दोमों गावातला. वडिलांचा पोलादाचा धंदा होता. पोरगं मेकॅनिकल इंजिनिअर झालं, तेही सुवर्णपदक घेऊन. फुटबॉलमध्येही पुढे होतं, कॉलेजच्या टीमचं कॅप्टन. पुढे वडिलांचा कारखाना सांभाळायचा, एवढाच प्लॅन होता.

पण १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. रणगाडे ही तेव्हा एकदम नवीन गोष्ट होती आणि हूड्री फ्रान्सच्या रणगाडा दलात होता. १९१७ च्या जुव्हँकूरच्या लढाईत तो गंभीर जखमी झाला. गोळीबार चालू असताना बंद पडलेले रणगाडे दुरुस्त करण्याच्या कामासाठी त्याला क्रॉ द गेर हे शौर्यपदक मिळालं.

युद्धातून परत आल्यावर त्याला नाद लागला रेसिंग कारचा. १९२२ मध्ये तो अमेरिकेला गेला, फोर्डचा कारखाना पाहिला आणि इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही पाहिली. तिथं त्याच्या लक्षात आलं की, इंजिनं सुधारत चालली आहेत, पण पेट्रोल मागे पडलंय. हलकं पेट्रोल दाबाखाली वेळेआधीच पेट घेतं आणि इंजिन ठोकायला लागतं. आपल्याकडे मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात, तेच हे. हे टाळण्याची पेट्रोलची ताकद ऑक्टेन या आकड्यात मोजतात.

त्या वेळी यावर एक स्वस्त उपाय निघालेला होता, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायचं. हूड्रीनं मात्र मूळ पेट्रोलच चांगलं बनवायचं ठरवलं.

आधी त्यानं लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल काढायचा घाट घातला. फ्रान्सकडे स्वतःचं तेल जवळपास नव्हतंच, त्यामुळे सरकारलाही यात रस होता. १९२९ मध्ये दिवसाला ६० टन लिग्नाइट वापरणारा प्लांट उभा राहिला. पेट्रोल निघालं, पण खर्चाचं गणित बसलं नाही. प्लांट बंद पडला.

इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असं वाटेल, पण तसं झालं नाही. कोळशाबरोबरच तो जड खनिज तेलावरही प्रयोग करत होता. बरेच प्रयोग करून झाल्यावर त्याला एक खास प्रकारची माती सापडली, सिलिका आणि अॅल्युमिना असलेली. या मातीवरून जड तेलाची गरम वाफ सोडली की तिचे मोठे रेणू तुटायचे आणि उत्तम पेट्रोल मिळायचं. माती स्वतः खर्च होत नव्हती. अशा पदार्थाला म्हणतात कॅटॅलिस्ट, मराठीत उत्प्रेरक.

अडचण एकच होती. काही मिनिटांतच मातीवर कोळशाचा थर चढायचा आणि ती काम करेनाशी व्हायची. इतरांनी तिथंच हात टेकले होते. हूड्रीनं तो थर जागेवरच हवेनं जाळून टाकला. एका टाकीत तेल फोडायचं, तोवर दुसरीतली माती जाळून साफ करायची, मग अदलाबदल.

१९३० मध्ये व्हॅक्युम ऑइल या अमेरिकन कंपनीनं त्याला न्यू जर्सीला बोलावलं. पण जगभर मंदी होती, पैसा आटला. १९३३ मध्ये सन ऑइल कंपनी भागीदार झाली आणि काम पुढे सरकलं. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूकला दिवसाला १२ हजार बॅरल क्षमतेचा प्लांट सुरू झाला. जुन्या पद्धतीनं जड तेलातून साधारण एक चतुर्थांश पेट्रोल मिळायचं, इथं जवळपास निम्मं मिळत होतं आणि तेही जास्त ऑक्टेनचं.

दोनच वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचं इंधन हवं होतं आणि ते मोठ्या प्रमाणात बनवण्यासाठी हूड्रीची पद्धत हाताशी होती. रेसिंग कारसाठी सुरू झालेला शोध आता विमानं उडवत होता.

याच काळात फ्रान्स हिटलरपुढे पडला. जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारविरुद्ध हूड्री अमेरिकेतून उघडपणे उभा राहिला. फ्रान्स फॉरएव्हर या संघटनेचं अध्यक्षपद त्यानं घेतलं. १९४१ मध्ये व्हिशी सरकारनं त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. ज्या देशासाठी रणगाड्यात जखमी झाला, त्याच देशाच्या कागदावर तो कुणी राहिला नाही. १९४२ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला.

युद्धानंतर लॉस एंजेलिसच्या धुरक्याची चर्चा सुरू झाली. गाड्यांच्या धुरामुळे ते होतं, हे पुढे आलं. पन्नाशी ओलांडलेल्या हूड्रीला फुप्फुसांची काळजी वाटू लागली. आपल्याच पेट्रोलवर गाड्या वाढल्या, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यानं ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली आणि तीच युक्ती उलट्या टोकाला लावली. आधी उत्प्रेरक पेट्रोल बनवायला होता, आता धूर साफ करायला. १९५६ मध्ये त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं पेटंट मिळालं.

पण डबा गाड्यांमध्ये बसेना. कारण होतं पेट्रोलमधलं शिसं. ते उत्प्रेरकावर थर धरायचं आणि डबा निकामी व्हायचा. तीस वर्षांपूर्वी जो स्वस्त उपाय त्यानं बाजूला ठेवला होता, तोच आता आडवा आला. १८ जुलै १९६२ ला हूड्री गेला, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांत त्याचा डबा नव्हता.

तो बसला १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत, आणि त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आणावं लागलं. आपल्याकडे १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. म्हणजे डब्यामुळे धूर साफ झालाच, शिवाय हवेतलं शिसंही गेलं.

आजच्या कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं रूपांतर तिथं होतं. तो काढला की गाडीचा सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावतो आणि पीयूसीत आकडे वाढतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही.

आवाजाची हौस असेल तर कॅट जागेवर ठेवून त्याच्या मागचा, मान्यता असलेला सायलेन्सर बदलण्याची वाट आहे. पॅनल तेवढेच काढावे लागतात, पण उरणच्या नाक्यावर ट्रेलरच्या मागे बाइकवर थांबलेल्या माणसाच्या नाकात जाणारा धूर तरी वाढत नाही.

बाकी उरणच्या ओएनजीसी प्लांटमध्ये मुंबई हायचं तेल येतं, खाडीपलीकडे तुर्भ्याच्या म्हणजे ट्रॉम्बेच्या रिफायनरी आहेत आणि तिथं जड तेल फोडणारे कॅटॅलिटिक क्रॅकर आजही चालतात. पद्धत सुधारली, तत्त्व हूड्रीचंच. टाकीत पडणाऱ्या पेट्रोलपासून सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरापर्यंत, गाडीच्या दोन्ही टोकांना हा एकच माणूस उभा आहे.