इरावतीबाई आणि माझा कोयनेचा रिपोर्ट

दरवर्षी आपल्या अंकात वेगळी वाट धरलेल्या कुणाची तरी मुलाखत असते. या वर्षी ते काम माझ्याकडे आलं आणि मी नाव सुचवलं इरावती कर्वे. सर हसले, कारण बाई ११ ऑगस्ट १९७० रोजीच गेल्या. तेव्हा ही मुलाखत नाही. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत फिरलेल्या बाईंची ही गोष्ट आहे.

जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशात. वडील गणेश करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. (ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला फक्त थिबा पॅलेस आठवतो!) सातव्या वर्षी त्या पुण्याला हुजूरपागेच्या बोर्डिंगमध्ये आल्या. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. हे परांजपे मुर्डीचे, म्हणजे आपल्या दापोली तालुक्यातले. लग्नही मुरुडच्या कर्व्यांच्या घरात झालं. महर्षी कर्वे सासरे, आणि फर्ग्युसनला केमिस्ट्री शिकवणारे दिनकरराव नवरा. गंमत म्हणजे बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींचा सुनेच्या जर्मनीला जाण्याला विरोध होता. दिनकररावांनी कर्ज काढून तिला पाठवलं.

बर्लिनमध्ये त्यांचे गाइड होते ऑयगन फिशर. युरोपियन माणसाची कवटी आणि इतरांची कवटी यांच्या असमानतेत फरक असतो आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, असं फिशरसाहेबांचं मत. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. तसं काही निघालं नाही, आणि त्यांनी थीसिसमध्ये ते तसंच लिहिलं. हे १९३० च्या आसपासचं, नाझी सत्तेवर यायच्या जरा आधीचं. आपण प्रॅक्टिकलला रीडिंग जुळत नाही म्हणून शेजारच्याचं उतरवून घेतो, त्यामुळे मला या प्रसंगाचं फार वाटतं.

परत आल्यावर काही वर्षं एसएनडीटीत काम, आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेज. नंतर देशभर हिंडून त्यांनी लोकांना साधे साधे प्रश्न विचारले. आईच्या भावाला काय म्हणता? लग्न कुणाशी चालतं, कुणाशी नाही? त्यातून १९५३ साली नातेव्यवस्थेवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सगळे एकजात 'कझिन'. आतेभाऊ आणि मामेभाऊ यात एवढा इतिहास भरलाय हे मला बाईंमुळे कळलं. 'युगान्त' सुद्धा मी आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांना माहीत असतं.

मला सांगायचंय ते वेगळ्याच पुस्तकाबद्दल.

मागच्या वर्षी आमची इंडस्ट्रियल व्हिजिट पोफळीला गेली होती. कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. इंजिनियरांनी ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, चारशे मीटरहून जास्त हेड मिळवला, आणि वीज झाल्यावर पाणी वाशिष्ठीत सोडलं. डोंगराच्या आतलं ते पॉवर हाउस बघून आम्ही सगळे गप्प झालो होतो. मी रिपोर्टमध्ये हेड, डिस्चार्ज, पेल्टन टर्बाइन, सगळं लिहिलं. चांगले मार्क पडले.

व्हिजिटनंतर मी चिपळूणला मावशीकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने रत्नागिरीला निघाले. शेजारी एक आजी होत्या. कुठे गेली होतीस म्हणून त्यांनी विचारलं. मी कोयना म्हटल्यावर त्या सहज म्हणाल्या की त्यांचं माहेर त्या पाण्याखाली आहे. मी नुसतं हो का म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. काय विचारायचं तेच सुचेना.

नंतर कळलं, इरावतीबाईंनी नेमकं हेच काम केलं होतं. कोयनेत शंभराच्या आसपास गावं उठली. माणसं साताऱ्यापासून सोलापूर, ठाणे, रायगड आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापर्यंत विखुरली. बाईंनी मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर या विस्थापितांची पाहणी केली, आणि १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने ती छापली. म्हणजे बाई जाण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. तेव्हा वय साठीच्या पुढे. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतात, पण मला त्या अशा वस्त्यांवर वही घेऊन बसलेल्याच दिसतात.

धरणग्रस्तांचे जमिनीचे प्रश्न त्यानंतरही कित्येक दशकं चालूच राहिले. आमच्या रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये मात्र त्यासाठी रकानाच नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बाई भेटल्या असत्या तर मी एकच विचारलं असतं, की अनोळखी माणसाला पहिला प्रश्न कसा विचारायचा. आजींना विचारायचे प्रश्न आता माझ्याकडे ढीगभर आहेत. गाव कुठलं? सगळं गाव एकाच जागी गेलं की फुटलं? नवीन जमिनीत काय पिकलं? उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वगैरे दिसतं का?

त्या संगमेश्वरला उतरल्या. मी त्यांची पिशवी तेवढी खाली दिली.