अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी आणि मधुमेहींचे डोळे

१९२१ मध्ये टोरंटोत इन्सुलिन सापडले आणि मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा, हे समीकरण डॉक्टरांच्या मनात पक्के बसले. अर्जेंटिनातील बर्नार्दो उसाय यांना मात्र ते अपुरे वाटत होते. त्यांचे लक्ष स्वादुपिंडापेक्षा मेंदूच्या तळाशी असलेल्या, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाच्या पीयूषिका ग्रंथीवर, म्हणजे पिट्युटरीवर होते.

१८८७ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये जन्मलेले उसाय चौदाव्या वर्षी औषधनिर्माणशास्त्र शिकू लागले आणि सतराव्या वर्षी पदवीधर झाले. मग वैद्यक शिकले. तिथेही प्रबंधाला विषय घेतला तो याच ग्रंथीचा. १९१९ मध्ये ते विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

पीयूषिका काढलेल्या कुत्र्यांना इन्सुलिनचा अगदी थोडा डोसही झेपत नाही, साखर एकदम खाली जाते, हे त्यांच्या लक्षात आले. मग ही ग्रंथी एरवी इन्सुलिनला विरोध करत असणार. स्वादुपिंड काढले की कुत्र्याला तीव्र मधुमेह होतो, हे जुनेच ज्ञान. उसाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिकाही काढली, तेव्हा तो मधुमेह बराच सौम्य झाला. उलट, ग्रंथीच्या पुढच्या भागाचा अर्क टोचला की साखर वाढे. हे प्रयोग त्यांनी भेकांवरही केले. अर्जेंटिनात भेकांना तोटा नव्हता.

१९४३ मध्ये लष्करी राजवट आली. लोकशाहीची मागणी करणाऱ्या पत्रकावर सही केली म्हणून उसाय यांना विद्यापीठातून काढून टाकले गेले. परदेशांतून बोलावणी येत होती, तरी ते गेले नाहीत. देणगीच्या पैशावर त्यांनी खासगी संस्था उभारली आणि संशोधन चालू ठेवले. १९४७ चे नोबेल, कार्ल आणि गर्टी कोरी यांच्यासोबत विभागून, त्यांना मिळाले तेव्हा ते सरकारी विद्यापीठाबाहेरच होते. तिथे परतायला १९५५ उजाडले.

दरम्यान, १९५३ मध्ये डेन्मार्कमधून एक विलक्षण नोंद प्रसिद्ध झाली. बाळंतपणात पीयूषिका निकामी झालेल्या एका मधुमेही स्त्रीच्या दृष्टिपटलाचा आजार चक्क ओसरला होता. कुत्र्यांत दिसलेला परिणाम माणसाच्या डोळ्यात दिसत होता. त्यानंतर दोन दशके अनेक देशांत दृष्टी वाचवण्यासाठी मधुमेहींची पीयूषिका काढली किंवा नष्ट केली गेली. काहींची नजर टिकली, पण किंमत भारी होती: थायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरके जन्मभर औषधांतून घ्यावी लागत, आणि इन्सुलिन जरा जास्त झाले तरी जिवावर बेते. आज हा उपचार अघोरी वाटतो. तेव्हा समोर आंधळेपणच दिसत होते.

हे का घडत असे, याचा उलगडा पुढे झाला. दृष्टिपटल हे शरीरातील सर्वाधिक प्राणवायू खाणाऱ्या ऊतींपैकी एक. रक्तात साखर फार झाली की रक्तवाहिन्यांच्या पेशींत ऊर्जा तयार होताना मुक्त मूलके, म्हणजे फ्री रॅडिकल्स, प्रमाणाबाहेर निर्माण होतात. पेशीची बचावयंत्रणा त्यांना पुरी पडत नाही. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. बारीक वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, वाहिन्या पाझरतात, काही बंद पडतात. प्राणवायूला आसुसलेले दृष्टिपटल मग ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन सोडते आणि नाजूक, सहज फुटणाऱ्या नव्या वाहिन्या फुटू लागतात. पीयूषिकेचे वाढीचे संप्रेरक यकृताकडून ‘आयजीएफ-१’ तयार करवते, आणि या घटकाची साथ व्हीईजीएफला लागते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. गर्भारपणात, संप्रेरकांची उलथापालथ चालू असताना, मधुमेही स्त्रीचा डोळ्यांचा आजार झपाट्याने बळावू शकतो. म्हणून त्या काळात दृष्टिपटलाची तपासणी अधिक वेळा करतात. इतर मधुमेहींना साधारण वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून केलेली तपासणी सांगितली जाते, कारण सुरुवातीला ना डोळा दुखतो ना नजर कमी होते.

उसाय १९७१ मध्ये वारले. पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवले की प्रकाशकिरणांनी दृष्टिपटलाचे ठरावीक भाग भाजले तर गंभीर दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. पीयूषिका काढण्याच्या शस्त्रक्रिया मागे पडल्या. आता त्याच व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शने थेट डोळ्यात देतात. ग्रंथीला हात लावावा लागत नाही.