लूर्ड्सची संत बर्नादेत



फ्रान्समधील लूर्ड्स येथे १८५८ साली पवित्र मरियेच्या सांगण्यावरून बर्नादेतने गुहेतली माती उकरली आणि झरा वाहू लागला. त्या पाण्याने अनेक आजारी बरे झाले. तिचा स्वतःचा दमा मात्र गेला नाही. १८६६ साली ती नेव्हेर येथील मठात दाखल झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये ती अत्यवस्थ झाली, तेव्हा तिला आजाऱ्यांचा अभ्यंग देण्यात आला. त्यानंतर ती बारा वर्षे जगली. आजारी धर्मभगिनींची तिने शुश्रूषा केली. पुढे क्षयाने ती अंथरुणाला खिळली, तरी ख्रिस्तशरीराने तिला बळ दिले. १८७९ साली, वयाच्या ३५व्या वर्षी ती प्रभूघरी गेली.

अभ्यंग म्हणजे मरणाची चिठ्ठी नव्हे. घरात कोणी गंभीर आजारी असेल, तर शेवटच्या घटकेची वाट न पाहता धर्मगुरूंना बोलवा.